थोरलीची साय

बागेतल्या कारंज्याची निगा राखणाऱ्याला उभ्या नोकरीत एकच सरकारी पत्र आलं, आणि तेही त्याने आपल्या सोयीने वाचलं. कारंजं मूळ स्वरूपात असेल तरच वारसा यादीत घेता येईल, असं त्यात होतं. यादीत आलं नाही तर ते उखडून तिथे गाड्या लावायची जागा होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मूळ स्वरूप म्हणजे पहिल्या दिवशी होतं तसं, असा अर्थ गड्याने लावला. पहिल्या दिवशी थोरली पांढरीशुभ्र असणार, हे सांगायला काय पंडित लागतो?

थोरली म्हणजे कारंज्यामधली दगडी बाई. कमरेवर घडा, पायाशी चार मासे. नाव त्याच्या बाबांनी ठेवलेलं. त्याच्याआधी चाळीस वर्षं ही नोकरी त्यांनी केली, नुसतं पाणी आणि मऊ कापड घेऊन. दगडावर धरलेल्या पिवळट थराला ते साय म्हणत. साय काढलीस तर खाली काही उरणार नाही, हे त्यांनी लेकाला शंभरदा बजावलं होतं. पण पिकतं तिथे विकत नाही. लेकाने फरशी धुवायचं अ‍ॅसिड आणलं आणि तारेच्या ब्रशने दोन दिवस घासलं. थोरली अशी उजळली, की त्याने स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

वारसा यादीसाठी पाहणीला आलेल्या बाई जुने फोटो घेऊन तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि एकेक फोटो दगडाशी ताडून पाहू लागल्या. माशांच्या खवल्यांवरच्या छिन्नीच्या बारीक रेषा गेल्या होत्या. वस्त्राच्या चुण्याही गुळगुळीत झाल्या होत्या.

जुनी माहिती सांगायला बाबांनाही बोलावलं होतं. त्यांना आता फारसं दिसत नसे. काठी लेकाकडे देऊन ते कठड्यावर बसले आणि माशाच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला. एकदा, मग पुन्हा. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लेकाला वाटलं.

"हे कुणाच्या डोक्यातून निघालं?" बाईंनी विचारलं.

लेक हातातल्या काठीकडे बघत राहिला.

"मी सांगितलं होतं त्याला," बाबा म्हणाले. "माझीच चूक."

बाईंनी त्यांचं नाव विचारून लिहून घेतलं. मूळ दगडी काम राहिलं नाही, आता यादीत घेता येणार नाही, असं हळू आवाजात सांगून त्या फाटकाकडे निघाल्या. चाळीस वर्षं फिरवलेल्या कापडाची नोंद कुठेच नव्हती. बाबांचं नाव कागदावर आलं ते असं, आणि लेक काठी धरून खांबासारखा उभा होता. त्याला स्वतःची इतकी लाज वाटत होती, की मान वर होत नव्हती.

बाबांनी काठीसाठी हात पुढे केला, पण हाताला लागली लेकाची बोटं. ती त्यांनी एकेक करून चाचपली.

"भाजलं का रे अ‍ॅसिडने?"

त्याने काठी त्यांच्या हातात दिली आणि तो फाटकाकडे धावला. त्यामुळे थोरली काही वाचणार नव्हती. बाई गाडीत बसत होत्या, चार माणसं बघत होती.

"बाई, ते नाव खोडा," तो धापा टाकत म्हणाला. "बाबांनी नको म्हणून सांगितलं होतं. शंभरदा."