उद्या काढू

“तार काढा. मागची निळी तार. काढा म्हणतोय ना,” असं म्हणत पासवर्डकाका स्वतःच टेबलाखाली शिरले. गुडघे फरशीला टेकले तसे ते कण्हले. वर खुर्चीत बसलेल्या नर्सने पाय बाजूला घेतले.

“काका, निदान काय झालंय ते तरी सांगा.”

“आधी तार, मग गप्पा.”

सकाळी हॉस्पिटलातल्या निम्म्या संगणकांवर एकच लाल चौकोन उगवला होता. तुमच्या सगळ्या फायलींना आम्ही कुलूप घातलंय, किल्ली हवी तर पैसे भरा, असा मजकूर. उरलेल्या संगणकांपर्यंत तो पोचायच्या आत त्यांना एकमेकांपासून तोडायचं होतं आणि त्याचा खात्रीचा उपाय एकच, खोलीखोलीत जाऊन तार उपटणं. काका तळमजल्यापासून निघाले होते. शर्टाला जळमटं लागली होती.

जिन्यात मोठे डॉक्टर, म्हणजे हॉस्पिटलचे प्रमुख, समोर आले.

“अहो, तारा काय काढत फिरताय? उलट तुम्हीच त्यांच्यात घुसा ना. कुठे बसलेत ते शोधून काढा.”

“सर, तसं नसतं.”

“मग कसं असतं?”

काका पुढच्या खोलीकडे वळले. कसं असतं ते इतकी वर्षं सांगून त्यांचा घसा कोरडा पडला होता.

पडद्यावर कसं असतं ते मात्र सगळ्यांना पाठ आहे. अंधारी खोली, काळा स्क्रीन, त्यावर धावणारी हिरवी अक्षरं. डोक्यावर टोपी ओढलेला एक तरुण कीबोर्डवर बोटं नाचवतो, ‘शिरलो आत’ म्हणतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. काकांच्या कामात यातलं काही नव्हतं. मॉनिटरला चिकटवलेल्या पासवर्डच्या चिठ्ठ्या सोलून काढायच्या. अपडेट होताना कोणी मशीन बंद करू नये म्हणून राखण करत बसायचं. अनोळखी मेल उघडू नका म्हणून ज्याच्या त्याच्या विनवण्या करायच्या. हे काम नीट झालं की काहीच घडत नाही, आणि काहीच घडत नाही म्हटल्यावर हा माणूस पगार कशाचा घेतो, असं लोकांना वाटायला लागतं. ते वॉर्डात शिरले की कोणीतरी हळूच म्हणायचं, आले, पासवर्ड बदलायला लावणारे. नाव पडलं ते त्यातूनच.

रेडिएशन विभागाबाहेरच्या बाकावर त्यांची थोरली बहीण बसली होती. पाळी संध्याकाळची असूनही ती आज लवकर आली होती. अक्काला घशाचा कर्करोग होता. निम्मे उपचार झाले होते, निम्मे राहिले होते, आणि आज मशीन सुरूच झालं नव्हतं. तिचा आवाज आता कुजबुजीइतकाच उरला होता, तरी बाकावरच्या सगळ्यांना तिने धीर देऊन ठेवला होता.

“हाच माझा भाऊ,” ती शेजारच्या बाईंना म्हणाली. “अरे, यांना सांग ना, किती वेळ लागेल.”

“बघतोय, अक्का.”

“मी सांगितलंय सगळ्यांना. तो एकदा संगणकापुढे बसला की होतंय म्हणून.”

अक्का जेवताना टीव्हीवर गुन्ह्यांची एक मालिका बघायची. त्यात एक हॅकर होता. तूही असंच करत असशील ना, असं तिने एकदा कौतुकाने विचारलं होतं, तेव्हा काका नुसते हसले होते. जगात एका तरी माणसाला आपण कोणीतरी वाटतो, तर वाटू दे. ते हसणं आज अंगाशी आलं होतं.

किरण कुठून आणि किती सोडायचे, हा प्रत्येक रुग्णाचा आराखडा मशीनच्या संगणकात असायचा. तो संगणक जुनाट, आणि त्यात काहीही बदल केलात तर हमी रद्द, असं मशीनच्या कंपनीने बजावलेलं. त्यामुळे अपडेटसाठीसुद्धा काकांना त्याला हात लावता आला नव्हता. लाल चौकोन सर्वांत आधी तिथेच आला होता. आराखडे गेले तर उपचार थांबणार, आणि या उपचारात खंड पडला की आजार पुन्हा डोकं वर काढतो, हे अक्काच्या डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

म्हणून तर फायलींची नक्कल, म्हणजे बॅकअप, असते. तो नियम काकांनीच घातला होता. दुपारी डिस्क जोडायची, नक्कल उतरली की संध्याकाळी तिची तार काढायची आणि डिस्क पलीकडच्या इमारतीतल्या कपाटात नेऊन ठेवायची. जोडून ठेवलेली नक्कल म्हणजे नक्कलच नव्हे, जो मूळ फायलींवर घाव घालेल तो तिच्यावरही घालेल, हे ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायचे. दुसरी डिस्क मागून मागून त्यांनी हात टेकले होते. होती ती एकच.

ते सर्व्हरच्या खोलीत पोचले तेव्हा नेटवर्क सांभाळणाऱ्या बाई तिथे उभ्या होत्या.

“मी कपाट बघून आले, काका. डिस्क तिथे नाही. ती इथेच आहे. जोडलेली.”

“हो.”

“काल काढायची राहिली का?”

काका खुर्चीत बसले. नुसती काल नव्हे. अक्काची पाळी संध्याकाळी, सगळ्यांच्या शेवटी असायची. मशीनवरून उतरली की तिला उभं राहवत नसे, पाण्याचा घोटसुद्धा गिळवत नसे, आणि नक्कल तेव्हा अर्धीच उतरलेली असायची. तशा अवस्थेत तिला आणखी तासभर बाकावर कसं बसवायचं? उद्या काढू, असं स्वतःशी म्हणून पहिल्या दिवशी ते तिला घरी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले. पुढे तसं म्हणायचीही गरज उरली नाही.

“रोजच राहत होती,” ते म्हणाले.

बाईंनी डिस्क उघडून बघितली. फायलींच्या जागी फायली होत्या आणि एकही उघडत नव्हती. बाईंनी नुसती तिची तार काढून ठेवली. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं काकांना वाटलं.

मोठे डॉक्टर फोनवर होते. पैसे भरले तरी किल्ली मिळेलच असं नाही, असं पोलिसांनी त्यांना सांगितलं होतं.

“सर, डिस्क माझ्यामुळे गेली. चूक माझी आहे.”

“ते नंतर बघू हो,” ते फोनवर हात ठेवून म्हणाले. “आधी पेशंट कुठे पाठवायचे ते बघू द्या.”

दुसऱ्या हॉस्पिटलात जायचं म्हणजे पुन्हा सगळ्या तपासण्या, नवा आराखडा आणि तिथल्या रांगेत शेवटचा नंबर. काही आठवडे तर जाणारच. तेवढ्याने फार बिघडणार नाही ना, असं काकांनी अक्काच्या डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “प्रयत्न करू आपण.”

बाकावर आता थोडीच माणसं उरली होती. काका अक्काशेजारी जाऊन बसले.

“नाही होणार, अक्का.”

“आज नाही?”

“इथे नाहीच.”

त्यांनी तिला सगळं सांगितलं. डिस्क म्हणजे काय, ती का काढायची असते, आणि ती का काढली नव्हती.

“म्हणजे तू रोज माझ्याबरोबर निघायचास ते...”

“हो.”

“मला वाटायचं, तुझे साहेब सोडतात.”

तिने त्यांच्या शर्टाची जळमटं झटकली. रागावली असती तर त्यांना सोसलं असतं.

“मी बसले असते रे,” ती म्हणाली. “तासभर काय, कितीही बसले असते. विचारायचंस तरी.”

काकांना रडू फुटलं. ओळखीची माणसं येत-जात होती, त्यांचीही त्यांना लाज वाटली नाही. अक्काने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

थोड्या वेळाने मशीनच्या खोलीतली टेक्निशियन बाहेर आली आणि दोन्ही हातांतले मुखवटे तिने बाकावर मांडले. किरण देताना डोकं हलू नये म्हणून प्रत्येकाच्या चेहऱ्यावर बेतून केलेली ती प्लास्टिकची जाळी होती.

“ज्यांना हवे त्यांनी घेऊन जा,” ती म्हणाली. “तिकडे नवीन करतील. हे आता कामाचे नाहीत.”

काकांनी अक्काचा मुखवटा शोधून उचलला. तो उपचार सुरू होतानाचा होता. त्याचे गाल भरलेले होते.

बसमध्ये अक्का त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. मुखवटा दबेल म्हणून काकांनी तो पिशवीत घातला नव्हता, मांडीवर धरला होता. पुढच्या थांब्यावर गर्दी वाढली, तसा कोणाचा धक्का लागू नये म्हणून त्यांनी त्याच्यावर हाताचा आडोसा धरला.