रॉकेलच्या कचेरीतली भाकणूक

माणसाच्या कर्तबगारीला अंत नाही. नाथाजी कारकुनाच्या कर्तबगारीला मात्र तो एका सोमवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर आला.

लढाईचे दिवस होते. साताऱ्यात आमच्या कचेरीतून रॉकेलचे परवाने मिळत. रहिमतपूरचा नाथाजी तिघांचं काम एकटा ओढायचा, कारण उरलेल्या दोघांपैकी एक पलटणीत गेला होता आणि दुसरा मी होतो. त्या दिवशी त्यानं टाक दौतीत बुडवला आणि तो तसाच राहिला. मान ताठ, डोळे उघडे, पापणी हलेना. हाका मारल्या, ओ नाही.

मी खांदा हलवायला गेलो, तर पट्टेवाल्या धुळानं माझा हात धरला. धुळा माणदेशाकडचा धनगर.

"आवं, हात लावू नगा. आमच्या बिरोबाच्या जत्रंत भगत आसाच थिजतो. मग भाकणूक करतो. औंदा पाऊस कसा, मेंढरं कशी, समदं सांगतो."

"हा कधी बोलणार?"

"देवाला घाई करता व्हय?"

कचेरी सुटली तसा नाथाजी उठून मुकाट घरी गेला. दुसऱ्या दिवशीही तो वेळेवर आला, बसला आणि थिजला. रांगेतल्या मनुबाईनं त्याच्यापुढे नारळ ठेवला. एरवी ती माझ्या सात पिढ्या काढल्याशिवाय परवाना घेत नसे. त्या दिवशी घेऊन, हात जोडून, पाठ न दाखवता गेली. हळूहळू लोक पायताणं बाहेर काढू लागले. भांडण नाही, ढकलाढकली नाही. मला एकट्याला काम उरकू लागलं. खरं सांगतो, त्याच्या त्या नजरेकडं पाहून माझ्याही अंगावर काटा यायचा.

धास्ती एकच होती. पुण्याहून मोठे साहेब तपासणीला निघाले होते, आणि कामात ढिला सापडेल त्याला घरी पाठवायचा हुकूम होता. नाथाजीच्या पगारावर अख्खं घर चालायचं.

साहेब आले. दारातच त्यांचा आवाज खाली आला.

"अशी शिस्त मी कुठल्याच कचेरीत पाहिली नाही. कुणाची करामत?"

धुळानं नाथाजीकडं बोट दाखवलं.

"हे काय काम करतात?"

"काय बी न्हाई, सायेब. म्हनून तर समदं हुतंय."

धुळानं मग कानात भाकणुकीचं सांगितलं. साहेबांनी हॅट काढली. थोडा विचार करून बूटही काढले.

"यांना कुणी हलवायचं नाही," ते मला म्हणाले. "नोकरीवरूनसुद्धा."

मग ते मोज्यांवर पुढं गेले, वाकले आणि अगदी हळू म्हणाले, "महाराज, माझी मुंबईला बदली होईल का?"

नाथाजीचे ओठ हलले. धुळा गुडघ्यांवर आला. रांगेनं श्वास धरला. मी टाक खाली ठेवला.

"सायेब," नाथाजी म्हणाला, "तुमच्या मागची खिडकी जरा लावता का? डोळ्यांवर ऊन येतंय."