उकळूनही पिऊ नका

मी एक जुनी चौकट आहे. दाराची नाही, खिडकीचीही नाही. मोबाइलवर बातमी ऐन रंगात आली की 'पुढे वाचण्यासाठी सभासद व्हा' म्हणत जी आडवी येते ना, ती मी. मला पाहून लोक म्हणतात, "आली बया!" मित्रांनो, वाईट वाटतं, पण सवय झाली आहे.

माझा जन्म एका लहानशा वृत्तपत्राच्या कचेरीत झाला. तेव्हा तिथं बातम्या फुकट होत्या आणि निम्म्या खुर्च्या रिकाम्या. मी आले, वर्गणी येऊ लागली, पगार वेळेवर झाले. संपादकबाई म्हणायच्या, "ही आमची लक्ष्मी." मी अशी फुलून जायचे की काही विचारू नका.

कचेरीचा नियम सोपा होता. हवामान, सामने, नाटकाच्या वेळा सर्वांना खुल्या. मेहनतीची बातमी 'विशेष'. तिच्या तीन ओळी दिसणार, पुढे मी.

एकदा आमच्या वार्ताहरताईंनी एका वस्तीला पाणी पुरवणाऱ्या टाकीत कारखान्याचं रसायन उतरल्याचं शोधून काढलं. तपासणीचा अहवाल मिळवला, बातमी लिहिली आणि अभिमानानं 'विशेष'वर खूण केली. मीही ऐटीत उभी राहिले. कोणती टाकी, कोणतं पाणी, सगळं माझ्या पाठीमागे.

थोड्या वेळानं ताईंच्या आईचा फोन आला. त्या पाळणाघर चालवतात.

"अगं, तुझी बातमी उघडत नाहीये."

"आई, तू सभासद कुठे आहेस?"

"घरातच वार्ताहर असताना वर्गणी कशाला भरू? बरं, पाण्याचं काय ते सांग. पोरांसाठी पिंप भरून ठेवलंय."

ताई ताडकन उठल्या. "ओतून दे. एकालाही घोट देऊ नकोस." फोन ठेवून त्या तडक संपादकबाईंकडे गेल्या. "बाई, ती चौकट काढा."

"अगं, अशाच बातमीवर नवे सभासद मिळतात. तुझेच कष्ट आहेत ना?"

"माझ्या आईला मी फोनवर सांगितलं. बाकीच्यांच्या मुली वार्ताहर नाहीत."

 बाईंनी स्वतःच्या हातानं मला बाजूला केलं.

आणि मित्रांनो, मी थक्क झाले! माझ्यापलीकडे एवढी माणसं उभी होती? मला वाटायचं, परत जातात ते रिकामटेकडेच. आता गल्ल्यागल्ल्यांतून, दवाखान्यांतून, शाळेच्या स्वयंपाकघरांतून लोक येत होते. कुणी अक्षरं मोठी करून वाचत होतं, कुणी ओळ उचलून शेजाऱ्यांना धाडत होतं. सगळ्यांची बोटं एकाच ठिकाणी थबकत होती: 'हे पाणी उकळूनही पिऊ नका.' माझ्या मागे इतकं मोठं काही होतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

पाळणाघरातली पोरं सुखरूप राहिली. त्यांच्या आईबाबांनी दुसऱ्या वस्तीतून पाणी आणून दिलं. तेव्हापासून जिवाशी गाठ असलेल्या बातम्या सर्वांसाठी उघड्या असतात. तिथं मी तळाशी बसते, एवढीशी होऊन. लोक वाचून होईपर्यंत थांबते आणि मगच वर्गणीचं विचारते. काही जण देतात, बरेच जण निघून जातात.

मित्रांनो, मला खुशाल नावं ठेवा. पण जमेल तेव्हा थोडा हातभार लावा. उद्या ताईंची खुर्चीच रिकामी झाली, तर मला कितीही बाजूला सारा, मागे वाचायला काहीच नसेल.