चाकाखालचा दगड

जबरदस्तीने घडलेले पाप पाप ठरते की नाही, याचा निवाडा शास्त्रांनी केव्हाच केलेला आहे. परंतु ज्याच्या हातून ते घडले, त्याचे समाधान त्या निवाड्याने होतेच असे नाही.

सन अठ्ठ्याऐंशीतला तो दिवस चालक मुंजाजीच्या नोकरीचा अखेरचा. जिंतूरहून चारठाण्याकडे निघालेल्या त्याच्या एसटीत प्राचीन देवळे पाहण्यास आलेले पुण्याचे एक दांपत्य होते, बाजार करून परतणाऱ्या बाया होत्या आणि पुढच्या बाकावर नवे तपासनीस दिनकरराव होते. माळावरच्या एका दगडांच्या राशीपाशी हा मनुष्य वीस वर्षे गाडी थांबवतो, हे त्यांच्या कानी गेले होते. तो थांबा मंजूर नव्हता. आज थांबलात तर सेवापुस्तकात शेरा जाईल, असे त्यांनी निघतानाच बजावले. एकतीस वर्षांत मुंजाजीच्या नावावर एकही शेरा नव्हता.

ती रास येडबा धनगराची. सन अठ्ठेचाळीसला, निजामाविरुद्धच्या लढ्यात, देवळात लपलेल्या कार्यकर्त्यांच्या शोधात रझाकारांची लॉरी आली, तेव्हा येडबाने मुद्दाम ओढ्याची वाट दाखवली. लॉरी चिखलात रुतली आणि लपलेले निसटले. लॉरी बाहेर निघताच रझाकार माघारी फिरले आणि मेंढरांच्या मधोमध त्यांनी येडबाला गोळी घातली. तेव्हापासून येणारा-जाणारा तेथे एकेक दगड ठेवी. नामांतराच्या दंगलीत रस्तोरस्ती गाड्या जळत होत्या, त्या दिवसांतही मुंजाजीने हा थांबा चुकवला नाही. स्वतः मात्र तो कधी उतरला नाही. डायवरच्या बुडाला शीट चिकटलंय, असे म्हणून बाया हसत.

रास दिसताच मुंजाजीने ब्रेक दाबला. दिनकररावांनी वही उघडली.

"लिवा साहेब, काय लिवायचं ते. गाडी हितंच थांबंल."

येडबाची विधवा म्हाळसाबाई दर बाजारी याच गाडीने येई. हातात दगड घेऊन ती दारापर्यंत गेली होती. तो तुमचा कोण लागत होता, असे दिनकररावांनी मान वर न करता विचारले. मुंजाजीने इंजिन बंद केले.

"कोन न्हाई. त्या लॉरीवर मी क्लीनर व्हतो. जबरीनं नेलं व्हतं. पर चाकाखाली दगड लावून लॉरी म्याच भायेर काढली."

वीस वर्षे ज्याला दादा म्हणत आली, त्याच्याकडे म्हाळसाबाई पाहत राहिली.

"मंग उतर खाली."

तो उतरला. दगडासाठी त्याने तिच्यापुढे हात केला, तेव्हा तिने आपला हात मागे घेतला.

"म्या दिल्याला चालायचा न्हाई. तुजा तू हुडक."

अठ्ठावन्न वर्षांचा तो मनुष्य भर उन्हात माळावर वाकून हिंडला. कंडक्टरने घंटी मारली नाही. अखेर दोन्ही हातांनी उचलावा लागेल असा एक काळा दगड घेऊन तो आला. म्हाळसाबाईने राशीच्या पायथ्याशी बोट दाखवले. तेथे त्याने तो ठेवला.

दिनकररावांनी शेरा लिहिलाच. मुंजाजीने बॉनेटवर वही टेकवून धुळीच्या बोटांनी खाली सही केली आणि पुन्हा आपल्या जागेवर जाऊन बसला.

दगड ठेवणाऱ्याचे कल्याण असो, जागा दाखवणाऱ्या त्या माउलीचे असो, आणि शेरा लिहिणाऱ्याचेही असो.