फुंगायचा कोट

गाडीतून उतरताना गिडियन मुकोंडिवाच्या गुडघ्यातून अशी कळ गेली, की मंत्रिपद, बंदूकवाले शिपाई, पुढची-मागची गाडी सगळं गेलं उडत. गुडघा लढाईतला. नदीपलीकडच्या छावणीवर गोऱ्यांची विमानं आली तेव्हाचा. त्या दिवशी फुंगाय झिशिरीनं त्याला पाठीवर घेऊन रानातून काढलं होतं. आज तोच फुंगाय चुलीच्या गोल झोपडीत शवपेटीत निजला होता.

देश स्वतंत्र झाला आणि गिडियन खुर्च्या बदलत गेला. शिक्षण खातं झालं, खाणी झाल्या, आता पाणी. फुंगाय गावी आला, शेळ्या राखल्या, आणि दर निवडणुकीला बाजारात उभा राहून पुढाऱ्यांची सालटी काढली. म्हणून सरकारनं त्याला वीर म्हणायचं टाळलं.

पण गिडियन त्या घराचा साहवीरा. बापजाद्यांपासूनची दोन घराण्यांची मैत्री. मयताला साहवीरानं मेलेल्याचे कपडे चढवायचे, त्याच्यासारखं चालायचं, बोलायचं, रडणाऱ्यांना हसवायचं. ते झाल्याशिवाय पेटी उंबऱ्याबाहेर जात नाही.

पक्षाचा जिल्हाप्रमुख चिवेशे कानाशी लागला. "साहेब, भाषणाचा कागद वाचा आणि निघू. कोट-बिट घालू नका. हा माणूस काय काय बोलायचा, ठाऊक आहे ना? सगळे फोन उगारून बसलेत. पुढच्या आठवड्यात मंत्रिमंडळ बदलतंय."

गिडियनला ठाऊक होतं. असले कागद त्यानं किती कबरींवर वाचले होते! मजकूर तोच, नाव तेवढं नवं. वाचून वाचून जीभ लाकडासारखी झाली होती.

झोपडीच्या दारात फुंगायची बायको एस्नात आडवी बसली होती. मांडीवर नवऱ्याचा जुना कोट.

"आलात भावजी? मला वाटलं, मंत्रीच आले."

"वहिनी, गुडघा फार दुखतोय. माझा पुतण्या करेल की."

"दुखू द्या. हेही लंगडतच चालायचे." मागच्या बाया फिसकन हसल्या. एस्नात हसली नाही. "ऊन चढलं, भावजी. उशीर झाला तर त्यांच्या अंगाला वास सुटेल. पण मी दारातून उठायची नाही. ज्यांनी तुम्हाला वाहून आणलं, त्यांना कुणीतरी पुतण्या बाहेर काढणार?"

 गिडियननं हातातला कागद चिवेशेच्या हातात कोंबला आणि कोट चढवला. शेळ्यांचा, तंबाखूचा वास. पोट पुढं काढलं, एक पाय ओढला आणि फुंगायसारखा लांब थुंकला.

"ए! कुठंय रे तो पाण्याचा मंत्री?"

अंगण खदखदलं.

"आमच्या हातपंपाला दांडा नाही, आणि याच्या बंगल्यात फवारे नाचतात! गिड्या, रानातून आणला तेव्हा एवढा जड नव्हतास. काय खाल्लंस रे?"

म्हाताऱ्या डोळे पुसत हसत होत्या. कुणीतरी ओरडलं, "सांग की, काय खाल्लं!"

 पुढचं वाक्य बाजारात फुंगाय दर वेळी म्हणायचा; गिडियननं तेही म्हटलं.

"आपली पोरं रानात मेली, ती याच्या गाडीसाठी नाही."

हसू थांबलं. चिवेशे फोन कानाला लावून बाभळीमागं गेला.

एस्नातनं कमरेला गुंडाळलेली चादर घट्ट केली आणि दारातून उठली. "थुंकणं जमलं नाही," ती म्हणाली, "बोलणं मात्र त्यांचंच. चला, उचला रे."

पेटी बाहेर आली. तेवढ्यात एक शिपाई फोन घेऊन धावत आला. "साहेब, राजधानीतून. ताबडतोब म्हणतात."

"माती पडेपर्यंत मी फुंगाय आहे," गिडियन म्हणाला. "गिडियनशी काम असलं तर थांबा म्हणावं."

आणि तो पाय ओढत पेटीमागं निघाला.