कापलेल्या कडा

काचेच्या दोन बशा, प्रत्येकीत बोटभर रबराचा पिवळसर तुकडा… सकाळी दहाला ताईनंच एका पट्टीचे ब्लेडनं दोन केले, आणि आता चार वाजत आले. कडा अजून चकचकीत दिसतात — दिसणारच, वरून काय कळतं कुणाला.

‘ताई, कापायचं मात्र उद्या माझं रबर बघायला येणाऱ्या पाहुण्यांसमोर हं, आणि कापलं की लगेच जोडायचं. तुम्हीच करा, माझा हात थरथरतो,’ काल चिमणी म्हणाली होती. प्रयोगशाळेत सगळे तिला चिमणीच म्हणतात. ब्लेड धरायला शिकवलं कुणी? मी!

हो, जळते मी. अठरा वर्षं पॉलिमर बनवले — हजारो रेणू एका साखळीत कायमचे घट्ट बांधलेले. ती तुटली की तुटली, मग कितीही दाबा. आणि या बयेच्या रबरात तशी साखळीच नाही! छोटे छोटे रेणू, नुसते एकमेकांचे हात धरून उभे. कापलं की हात सुटतात, जुळवलं की पुन्हा धरतात. प्रयोगशाळेचे प्रमुख सर तिला म्हणाले, ‘कमाल आहे!’ मला अठरा वर्षांत काय, तर ‘ठीक आहे’.

पण सुटलेले हात रिकामे राहत नाहीत. काही तासांत ते आपल्याच कडेवरच्या शेजाऱ्याला धरतात, समोरच्या तुकड्यासाठी कुणी मोकळं उरत नाही. हे चिमणीला ठाऊक, मला ठाऊक, सरांना नाही. आज पट्टी जुळली नाही, की चिमणीचं काम बंद, आणि सर पुन्हा साखळ्यांकडे… माझ्याकडे.

दार ढकलून चिमणी आत आली, बशांकडे न बघताच तिनं ताईचा हात धरला. चिमणीचा हात घामानं ओला, गार. ‘आले पाहुणे! तुम्ही आहात म्हणून निभावतंय बघा, नाहीतर माझं काही खरं नव्हतं.’ आणि हात सोडून धावलीसुद्धा.

ताईनं तुकडे उचलून कडेला कड दाबली. मनात साठ मोजले. बोटं उघडली — दोन तुकडे, दोनच. मेल्यांनो, धरा ना… पुन्हा दाबले, जोरानं. सकाळपासून हेच तर हवं होतं! मग अजून कशाला दाबतेय मी?

दोन्ही कडांचा पातळ काप काढला, तर आत धरलेले हात नव्यानं मोकळे होतील. मिनिटाचं काम.

बाहेर सरांचं हसणं ऐकू आलं. तिनं ब्लेड उचललं, आणि पहिल्या कडेवर टेकवलं.