तिसरा गिअर कोणी मोडला

ड्रायव्हिंग मास्तरांच्या गाडीने मान टाकली ती भर चौकात, शिंपीणबाईंची शिकवणी चालू असताना. बाई दुसऱ्यातून तिसरा गिअर टाकायला गेल्या आणि खालून असा काही खरडल्याचा आवाज आला की मास्तरांच्या दाढा आंबल्या. त्यानंतर एकही गिअर पडेना. दांडा मात्र काही झालंच नसल्यासारखा इकडून तिकडे डुलत होता.

"बावीस वर्षं!" गॅरेजमध्ये मास्तर मिस्त्रीला सांगत होते. "बावीस वर्षं या शिकाऊ लोकांनी तिचे हाल केले. क्लच न दाबता गिअर ओढायचे, विहिरीतून बादली ओढावी तसे. त्यात तूही होतास."

"होतो ना," मिस्त्री गाडीखालून म्हणाला. "तुमच्या शिव्या अजून तोंडपाठ आहेत."

दुरुस्त करायची की भंगारात द्यायची, एवढंच ठरवायचं होतं. मुलीने फोनवर परस्पर निकाल लावून टाकला होता. "बाबा, ऑटोमॅटिक घ्या. गिअरच नको नि कटकटही नको." गिअरच नसले तर मास्तरांनी शिकवायचं काय, हॉर्न वाजवायला? पण लोकांनी वाटोळं केलेल्या गाडीत पुन्हा जीव ओतायचा, तोही पुढच्यांनी घ्यावा म्हणून? 'दे भंगारात' हे शब्द त्यांच्या ओठांवर आले होते.

तेवढ्यात मिस्त्री बाहेर आला आणि त्याने गिअर सरकवणारा काटा त्यांच्यापुढे धरला. एका बाजूने तो झिजून पात्यासारखा झाला होता.

"ओढाताणीने दाते तुटले असते, मास्तर. ते तर शाबूत आहेत. हे झालंय दांड्यावर सारखा हात ठेवून. दाब थोडासाच, पण कायमचा."

"अरे, तेच तर मी घसा फोडून सांगतो! दांड्यावर हात ठेवू नका!"

"सांगता. त्यांनी काढला की तुम्ही ठेवता." मिस्त्रीने चिंधीला हात पुसले. "खरं सांगू? मी शिकत होतो तेव्हा तिसरा गिअर मी कधी टाकलाच नाही. तुम्हीच टाकायचात, वर माझं कौतुकही करायचात."

मास्तरांनी काटा हातात घेऊन झिजलेल्या कडेवरून बोट फिरवलं. गुन्हा आपला आणि फाशी गाडीला, हे त्यांच्या गळी उतरेना.

"कर दुरुस्त," ते पुटपुटले.

"करतो. पण हात आवरा. नाहीतर पुढच्या खेपेला मीच भंगारवाल्याला बोलावीन."

रात्री मुलीने फोनवर विचारलं, "पण बाबा, मोडलं कुणी ते कळलं का?"

"कळलं. जुना माणूस आहे," मास्तर म्हणाले. "समज दिलीय."

आठवड्याने शिंपीणबाई पुन्हा चालकाच्या जागेवर बसल्या. गाडी पहिल्यात निघाली, दुसऱ्यात आली. आता तिसरा. मास्तरांची बोटं शिवशिवली. बाईंनी क्लच दाबला, दांडा पुढे नेला. ना खरखर, ना धक्का. बाई गालातल्या गालात हसल्या, मग त्यांनी काळजीने शेजारी पाहिलं.

"मास्तर, बरे आहात ना? हात असे मांडीखाली का घेतलेत?"

"थंडी वाजतेय," मास्तर म्हणाले. भर दुपारचं ऊन काचेतून त्यांच्या कपाळावर आलं होतं आणि ते घामाने निथळत होते. "समोर बघा. आणि चौथा टाका... तुम्हीच."